डोक्यावरचा आघात : शिक्षा कोणाला, निर्णय कोणाचा?

खेळ म्हटला की दुखापत आलीच, असे आपण सहज म्हणतो. बोट मोडले, गुडघा दुखावला, तरी योग्य उपचारांनंतर खेळाडू पुन्हा मैदानात उतरतो. मेंदूची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथील इजा डोळ्यांना दिसत नाही आणि झालेली हानी नेहमीच भरून येते असे नाही. म्हणूनच डोक्यावर आघात झाला की खेळाच्या नियमांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. आघात करणाऱ्यास शिक्षा काय, हा पहिला. आणि ज्याला आघात झाला त्याने पुढे खेळावे की नाही, हे ठरवायचे कोणी, हा दुसरा. प्रेक्षक आणि वृत्तपत्रे पहिल्या प्रश्नावर हिरिरीने बोलतात. वैद्यकाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

दोन जुन्या घटना

आपल्या गुजरातेतील गोध्रा येथे जन्मलेले नरी कॉन्ट्रॅक्टर १९६२ मध्ये भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार म्हणून वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. मार्च महिन्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा वेगवान चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. त्या काळी हेल्मेट नव्हते. कवटीचे हाड मोडले, रक्तस्राव झाला आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वेळी वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी स्वतः रक्त दिले. पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी आणि सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर यांनीही रक्तदान केले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढे प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळलेही. परंतु ३१ कसोटींनंतर त्यांची कसोटी कारकीर्द तेथेच संपली. वॉरेल यांच्या स्मरणार्थ बंगालच्या क्रिकेट संघटनेने पुढे ३ फेब्रुवारीला रक्तदानाचा परिपाठ सुरू केला.

दुसरी घटना अधिक विषण्ण करणारी आहे. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाका येथील क्लब सामन्यात माजी कसोटीपटू रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता क्षेत्ररक्षणास उभे होते. जोरात मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर लागला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. काही वेळाने प्रकृती ढासळली, शस्त्रक्रिया झाली, पण २३ फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले. आघातानंतर रुग्ण काही काळ ठीक भासतो आणि आत रक्त साचत असते, हा फसवा अवकाश डॉक्टर वाचकांना परिचित आहे. सर्वसामान्य वाचकाने एवढेच ध्यानात ठेवावे की, ‘चालत गेला’ म्हणजे ‘बरा आहे’ असे नव्हे.

शिक्षेची मर्यादा

चेंडू डोक्याला लागला एवढ्यावरून क्रिकेटमध्ये गोलंदाजास शिक्षा होत नाही. आखूड टप्प्याची गोलंदाजी फलंदाजाला इजा करणारी आहे असे पंचांस वाटले, तर ते नो-बॉल देऊन ताकीद देतात आणि पुन्हा तसेच घडल्यास त्या डावापुरती त्याची गोलंदाजी थांबवतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांत षटकातील उसळत्या चेंडूंच्या संख्येवर १९९१ पासून मर्यादा आली. तरीही नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनी येथे ऑस्ट्रेलियाचे फिलिप ह्यूज मानेवर चेंडू लागून दगावले. त्या घटनेची न्यायिक चौकशी झाली, तेव्हा कोणालाही दोषी ठरवता आले नाही. चेंडू नियमाला धरूनच टाकलेला होता.

शिक्षेचा मार्ग सर्वांत दूरवर नेला तो अमेरिकी फुटबॉलने. हा खेळ आपल्या पायाने खेळायच्या फुटबॉलहून वेगळा. लंबगोल चेंडू घेऊन धावणाऱ्यास अंगावर झेपावून पाडणे हे त्याचे अंगच आहे. पिट्सबर्गचे ख्यातनाम खेळाडू माइक वेब्स्टर २००२ मध्ये वारले. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्यांच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. वारंवारच्या आघातांशी निगडित असा मेंदूचा ऱ्हास त्यांना आढळला आणि २००५ मध्ये त्यांनी तो शोधनिबंधाद्वारे मांडला. त्यानंतरच्या काळात नियम कडक होत गेले. २०१८ पासून डोके खाली घालून हेल्मेटने प्रतिस्पर्ध्यास धडकणे हा दोष ठरला. त्यासाठी संघाला १५ यार्डांचा दंड होतो. गंभीर प्रसंगी खेळाडूस बाहेर काढणे, आर्थिक दंड आणि विनावेतन निलंबन अशा पायऱ्या आहेत. २०१९ मध्ये वॉन्टेझ बर्फिक्ट या खेळाडूस अशा एका धडकेसाठी हंगामातील उरलेल्या सर्व सामन्यांतून निलंबित करण्यात आले.

या शिक्षांचा धाक निश्चितच उपयोगी आहे. पण २५ सप्टेंबर २०२२ रोजी काय घडले ते पाहावे. मायामीचा टुआ टॅगोवायलोआ नियमबाह्य धक्क्याने पडला, त्याचे डोके जमिनीवर आपटले. उठताना तो लडखडला. धक्का देणाऱ्याच्या संघाला दंड झाला. पाठीच्या दुखण्याने तोल गेला असे मानून टुआला मात्र त्याच सामन्यात पुन्हा खेळू दिले गेले. चारच दिवसांनी पुढच्या सामन्यात त्याच्या डोक्याला पुन्हा मार बसला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. तपासणीची व्यवस्था होती, संघाशी संबंध नसलेले तज्ज्ञ डॉक्टरही होते. तरीही शंकेचा फायदा खेळाला मिळाला, रुग्णाला नाही. ऑक्टोबरमध्ये नियम बदलला : आघातानंतर तोल जाताना दिसला की, कारण काहीही सांगितले जावो, त्या दिवशी खेळ बंद.

पुण्यातील वाद

क्रिकेटने या दिशेने पाऊल टाकले ते १ ऑगस्ट २०१९ रोजी. मेंदूला हादरा बसलेल्या, म्हणजे कन्कशन झालेल्या खेळाडूऐवजी त्याच्याच प्रकारचा बदली खेळाडू घेण्याची मुभा आंतरराष्ट्रीय सामन्यांत मिळाली. संघाचे बळ कमी होत नसल्यामुळे खेळाडूवर ‘खेळत राहा’ असा दबाव उरू नये, हा त्यामागील हेतू.

३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे येथे इंग्लंडविरुद्ध मुंबईकर शिवम दुबेच्या हेल्मेटवर डावाच्या अखेरच्या षटकात चेंडू आदळला. तो डाव संपेपर्यंत खेळला. नंतर डोकेदुखी जाणवल्याने त्याच्याजागी हर्षित राणा आला व त्याने तीन बळी घेतले. फलंदाजी हे ज्याचे बलस्थान त्याच्याऐवजी वेगवान गोलंदाज कसा, असा आक्षेप इंग्लंडचा कर्णधार जोस बटलर याने घेतला. आक्षेपात तथ्य होते. तथापि दुबेची तपासणी चेंडू लागताच किती बारकाईने झाली, त्याने पुढचा चेंडू खेळणे योग्य होते काय, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही. पुढे २०२५ मध्येच नियम सुधारले गेले. बदली खेळाडूंची नावे सामन्यापूर्वीच द्यावी लागतात आणि कन्कशन झालेल्यास किमान सात दिवस खेळता येत नाही. यातील दुसरी तरतूद आपल्या दृष्टीने अधिक मोलाची.

आपल्या मैदानांसाठी

हेल्मेट कवटीचे रक्षण करते. आतला मेंदू हलणे ते थांबवू शकत नाही. कन्कशनमध्ये बहुतेकांची शुद्ध हरपत नाही आणि सीटी स्कॅनही सहसा निर्दोष येतो. म्हणून ‘बेशुद्ध झाला नाही, स्कॅन चांगला आहे’ हा खेळण्याचा परवाना नव्हे. बरे होण्यापूर्वीच दुसरा आघात झाल्यास, विशेषतः तरुण वयात, मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. असे क्वचित घडते, पण घडते.

उधना-लिंबायतच्या मैदानांवर आपली मुले खेळतात, मंडळांच्या स्पर्धा होतात. तेथे सामनाधिकारी नसतो, कॅमेरे नसतात. तेथे पुढील नियम पुरेसे आहेत. डोक्याला मार लागल्यावर गोंधळ, डोकेदुखी, चक्कर, मळमळ किंवा तोल जाणे यांपैकी काहीही दिसले, तर त्या दिवशी खेळ नाही. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके, हातापायांत अशक्तपणा किंवा बाहुल्यांत फरक आढळल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पहिली रात्र त्याला एकटे सोडू नये, वाहन चालवू देऊ नये. एक-दोन दिवस विश्रांती घेऊन पुढे टप्प्याटप्प्याने हालचाल वाढवावी आणि डॉक्टरांच्या संमतीनेच सामन्यात उतरावे.

अंतिम सामना आहे, शेवटचे षटक आहे, मुलगा स्वतःच ‘मी ठीक आहे’ म्हणतो आहे. अशा वेळी खेळाडू, कर्णधार, प्रशिक्षक व पालक हे सारे एका बाजूस असतात. ज्या मेंदूला हादरा बसला त्यालाच ‘तू बरा आहेस ना?’ असे विचारून निर्णय घेणे कितपत शहाणपणाचे? तेथे हजर असलेल्या डॉक्टरने ‘नाही’ म्हणावे आणि आयोजकांनी तो शब्द अखेरचा मानावा. सामना पुढल्या वर्षीही होईल. त्या मुलाने तो खेळण्यासाठी धडधाकट असले पाहिजे.