कामानें दुखावणारे हात

दिवाळी उलटली म्हणजे आपल्या जिल्ह्यांत घाटाखालीं कपाशीच्या वेचणीस ऐन भर येतो. मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव या बाजूच्या काळ्या जमिनींत सकाळपासून स्त्रिया पात धरून वेचीत असतात. बोंडांतून चिमटीनें कापूस ओढावयाचा व ओटींत टाकावयाचा, ही क्रिया इतकी हलकी दिसते कीं तिनें इजा होईल असें पाहणारास वाटत नाहीं. परंतु तीच चिमूट व तोच मनगटाचा झटका दिवसांतून हजारों वेळां घडतो. पुढें हातास मुंग्या येऊं लागल्या, म्हणजे ‘थंडी बाधली’ असें म्हणून गोष्ट सोडून दिली जाते.

विद्यार्थ्यांनो, मनगटाची रचना पाहा. तळहाताच्या मुळाशीं हाडें व एक चिवट बंध यांच्यामध्यें अरुंद बोगदा आहे. बोटें वांकविणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, व एक मज्जातंतु त्यांतून जातात. कंडरा वारंवार घांसल्यानें त्यांवरील आवरण सुजतें; बोगदा मात्र पसरत नाहीं, आणि सारा दाब मज्जातंतूवर पडतो. त्यामुळें अंगठा, तर्जनी, मध्यमा व अर्धी अनामिका बधिर होते. करंगळी बहुधा सुटते. रात्रीं त्रास वाढून माणूस हात झटकीत जागा होतो.

हातांचीं असलीं दुखणीं नवीं नव्हेत. इटलींतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यानें कारागिरांच्या रोगांवर १७०० सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला, व १७१३ च्या आवृत्तींत लेखनिकांचाहि विचार केला. लिहून लिहून उजवा हात निकामी झालेल्या एका लेखनिकाची हकीकत त्यांत आहे. त्यानें डाव्या हातानें लिहिण्याचा अभ्यास केला. कांहीं काळानें तोहि हात तसाच झाला. हात बदलला, काम तेंच राहिलें! परीक्षेच्या आदल्या रात्रीं वह्या उतरविणाऱ्या, व एरवीं मोबाइलवर एकच अंगठा राबविणाऱ्या मुलांनीं याचा विचार करावा.

उपाय साधे आहेत. दर अर्ध्या तासानें दोन मिनिटें हात सैल सोडावे, मनगट शक्य तों सरळ ठेवावें, ओटी जड होण्यापूर्वींच धुऱ्यावर रिकामी करावी. निंदणाचें खुरपें बोथट असूं नये. बोथट पात्यास जोर अधिक लागतो.

पण वेचणीची मजुरी बहुधा किलोवर मिळते, आणि थांबलेला हात कमावीत नाहीं, हें उपदेश करणारानें विसरूं नये. एकटी बाई थांबली तर तिचीच पात मागें राहते. यास्तव ज्या पालकांच्या शेतांत मजूर येतात, त्यांनींच सर्वांस एकदम विसावा द्यावा व तेवढा वेळ मजुरीच्या दरांत धरावा.

दुखणें जडलेंच, तर हात जोरानें चोळूं नये व बोटें मोडूं नयेत. तें काम कांहीं दिवस कमी करावें. रात्रीं मनगट सरळ राहील असा आधार सैलसा बांधावा. दोन-तीन आठवड्यांत बधिरता न गेल्यास डॉक्टरांस दाखवावें. मधुमेहांत व थायरॉइडच्या विकारांतहि अशा मुंग्या येतात, म्हणून रक्तहि तपासून घ्यावें. हातांतून भांडें निसटूं लागलें किंवा अंगठ्याच्या मुळाशीं मांस उतरलेलें दिसलें, तर मात्र आठवडे मोजीत बसूं नये. मज्जातंतु पुष्कळ दिवस दबलेला आहे असें समजून लागलीच दवाखाना गांठावा.