रविवारची गिऱ्हाइकं

"दादा, तुमची गिऱ्हाइकं रविवारीच जेवतात का हो?"

सीए मॅडमनी विचारलं तेव्हा मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांच्यापुढे २०१८-१९ या वर्षाची माझी हॉटेलबिलांची यादी होती आणि प्रत्येक तारखेसमोर त्या पेन्सिलीने वार लिहीत चालल्या होत्या. रवि, रवि, शनि, रवि, पंधरा ऑगस्ट, रवि. जून ते सप्टेंबर तर जवळजवळ सलग. पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्यात कोण आणि कोणाबरोबर जेवतं, हे सांगायला आयकर अधिकारी लागत नाही.

कामशेतजवळ माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. लोणावळ्यातले चिक्कीवाले, मावळातले गुलाबाचे पॉलीहाउसवाले आणि तळेगाव एमआयडीसीतले काही कारखाने आमच्याकडून खोकी घेतात. त्या वर्षी उलाढाल दोन कोटी तीस लाख होती, म्हणजे टॅक्स ऑडिट आलंच. खर्चात मी 'व्यवसायवृद्धी' नावाचा एक रकाना केला होता आणि त्यात ३ लाख ८६ हजार रुपये टाकले होते.

सुरुवात खरी होती. एखाद्या कारखान्याचा खरेदी बघणारा माणूस नमुने पाहायला आला की त्याला जुन्या हायवेवर जेवायला न्यायचं. भाकरी मोडता मोडता तीन प्लाय की पाच प्लाय, कागद किती जीएसएमचा, छपाई एका रंगात की दोन, हे ठरून जायचं. तो खर्च धंद्याचाच होता आणि आजही मी तो छातीठोकपणे दाखवीन. पण एका रविवारी बायको-पोरांना घेऊन भुशी डॅमला गेलो, भिजून थंडी वाजली म्हणून येताना जेवलो आणि बिल खिशात राहिलं. सोमवारी कारखान्यात खिसा रिकामा केला आणि ते बिल टेबलावरच्या तारेला टोचलं. त्याच तारेला, जिला खरेदीवाल्यांच्या जेवणाची बिलं टोचलेली होती. कोणी काही बोललं नाही. पुढच्या रविवारी हात आपोआपच तारेकडे गेला.

दिवाळीआधी पवना धरणाकाठी एक बंगला भाड्याने घेतला. पार्टीला निम्मी गिऱ्हाइकं, निम्मे माझे शाळेतले मित्र. सत्तावीस हजार रोख दिले आणि एका दिवसात एकाला दहा हजारांहून जास्त रोख दिलेलं चालत नाही हे ऐकून होतो, म्हणून नऊ-नऊ हजारांची तीन व्हाउचरं केली. आपण कायद्यालाच गुंडाळलं असं वाटलं होतं. ऑडिटच्या वेळी मॅडमनी विचारलं होतं, "हा सगळा खर्च धंद्याचाच ना?" मी तसं लेखी देऊन मोकळा झालो.

सप्टेंबर २०२० मध्ये नोटीस ईमेलने आली. समोर कोणी अधिकारी नाही, चहा पाजून समजावणं नाही, सगळं ऑनलाइन. आणि प्रश्न एकच: या प्रत्येक खर्चाचा व्यवसायाशी संबंध सिद्ध करा.

फाईल काढली आणि पोटात गोळा आला. हॉटेलची बिलं थर्मल कागदाची असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मावळचे दोन पावसाळे खाल्लेल्या त्या चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या होत्या. काहींवर नुसती पिवळट सावली उरली होती. दुसरी प्रत मागायला निघालो तर लॉकडाऊनमुळे हॉटेलं फक्त पार्सल देत होती. एका ढाब्याला कुलूप होतं, दुसऱ्याचा मालकच बदलला होता. जी बिलं वाचता येत होती, ती वाचता आली नसती तर बरं, अशी. एकावर तीन आइस्क्रीम आणि एक बालथाळी होती. कोणत्या कारखान्याचा खरेदी अधिकारी बालथाळी खातो?

आदेश दुसऱ्या वर्षी आला. ३ लाख ८६ हजारांपैकी २ लाख ४१ हजार नामंजूर. तीस टक्क्यांच्या टप्प्यात सेससह कर झाला पंचाहत्तर हजार, वर व्याज. बंगल्याची तीन व्हाउचरं एकाच तारखेची आणि एकाच माणसाच्या नावची होती. कायदा एका दिवसात एकाला दिलेल्या रोख रकमेची बेरीज करतो, व्हाउचरं मोजत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकांवर झालेला खरा निम्मा खर्चही पाण्यात गेला. त्यात हॉटेलबिलांवरच्या जीएसटीचं क्रेडिट मी घेऊन बसलो होतो. खाण्यापिण्याच्या खर्चावर ते साधारणपणे मिळतच नाही, तेव्हा तेही व्याजासकट परत केलं. पुरावाच नसलेला खर्च दाखवणं हे कायद्याच्या भाषेत चुकीची माहिती देणं ठरतं आणि तिथे दंड कराच्या दुप्पट असतो. माझ्या प्रत्येक रकमेला काहीतरी कागद होता म्हणून तिथवर गेलं नाही. मॅडमच्या सांगण्यावरून अपील केलं नाही, कर आणि व्याज मुदतीत भरलं आणि दंडमाफीसाठी फॉर्म ६८ भरला. तो मंजूर झाला.

या सगळ्यात एक खर्च मात्र पै न पै मान्य झाला: खंडेनवमीचं जेवण, ११,४०० रुपये. आमच्याकडे हिशेब लिहायला येणाऱ्या ताईंनी तो लिहिला होता. स्वयंपाक करणाऱ्याला चेक दिला होता. व्हाउचरच्या मागे 'यंत्रपूजा, कामगार १९' असं लिहून एकोणीस जणांच्या सह्या घेतल्या होत्या. मी तेव्हा त्यांना म्हणालो होतो, "ताई, जेवणाच्या सह्या कसल्या घेताय, लग्नाचा आहेर आहे का?" माझ्या साऱ्या फाइलीत तेवढा एकच कागद स्वतः बोलत होता.

म्हणून माझ्यासारख्या छोट्या कारखानदारांना आणि दुकानदारांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

बिल म्हणजे पैसे गेल्याचा पुरावा. ते धंद्यासाठी गेले याचा पुरावा वेगळा लागतो. कायदा विचारतो ते एवढंच: खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झाला का? तेव्हा त्याच दिवशी बिलावर लिहा: कोण होतं, कुठल्या कंपनीचं, काय बोलणं झालं. दोन ओळी पुरतात. दोन वर्षांनी आठवून लिहिलेल्या ओळी लगेच ओळखू येतात. थर्मल बिलाचा फोटो टेबलावरून उठायच्या आत काढा. कर निर्धारण वर्ष संपल्यावरही सहा वर्षं कागद जपा.

जेवणाचा निम्मा खर्च मिळतो, असं कुणी सांगितलं तर ते अमेरिकेचं आहे. आपल्याकडेही पाहुणचाराच्या खर्चावर १९९८पर्यंत मर्यादा होती, ती गेली. आता टक्केवारी नाही. खर्च धंद्याचा असेल आणि दाखवता आला तर पूर्ण, नाहीतर शून्य. एका टेबलावर गिऱ्हाईक आणि घरचे दोन्ही बसले असतील तर बिलं वेगळी करा.

दहा हजारांच्या वर रोख देऊ नका. बंगलेवाला "रोख दिलं तर कमी करतो" म्हणेल. तो जेवढं कमी करील त्याहून जास्त कर तुम्ही भराल.

दिवाळीला गिऱ्हाइकांना चिक्कीचे डबे देता? खर्च दाखवा, यादी ठेवा, पण भेटवस्तूवरचं जीएसटी क्रेडिट घेऊ नका. उलाढाल एक कोटीच्या वर असेल आणि एखाद्याला वर्षात वीस हजारांहून जास्त किमतीचा लाभ दिला, समजा सहकुटुंब फुकट मुक्काम, तर जुलै २०२२ पासून त्यावर दहा टक्के टीडीएसची जबाबदारी तुमची आहे. आणि ऑर्डरसाठी दिलेलं पाकीट कुठल्याही रकान्यात बसवू नका. बेकायदा खर्चाला वजावट नाही, आणि तो प्रश्न फक्त कराचा राहत नाही.

उलाढाल दोन कोटींच्या आत असेल (रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असल्यास तीन कोटी), तर अंदाजित नफ्याची सोय आहे: उलाढालीच्या आठ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा धरून कर भरायचा. त्यात सगळे खर्च धरलेलेच असतात. हा मार्ग घेतलेले माझे एक चिक्कीवाले मित्र वर्षभर हॉटेलबिलं जमवत होते. ती वजाच होत नाहीत, हे त्यांना मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, पण खर्च केवळ धंद्यासाठी हवा ही अट आणि रोखीची दहा हजारांची मर्यादा तीच आहे.

मॅडमनी मला नंतर एकदाच सुनावलं: "दादा, मी विचारलं होतं." बाकी काही बोलल्या नाहीत. तेवढं पुरलं.

आता माझ्या टेबलावर दोन तारा आहेत. कारखान्याच्या तारेवरचं प्रत्येक बिल मागून लिहिलेलं असतं, आणि ते ताई तपासतात, मी नाही. दुसरी तार घराची. परवा ती उतरवली तेव्हा सवयीने एकेका तारखेचा वार पाहिला. सगळे रविवार तिथे होते, बालथाळीसकट.