एका दाण्यापुरती मुभा

मने, परवा तू सगळ्यांसमोर विचारलंस, "ताई, वर्षभरात माझा ओजस चिक्की खायला लागेल ना गं?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली, कारण आई तिथेच होती. आता दोघीच आहोत म्हणून सांगते. चिक्की विसर. आणि तरीही दाण्याच्या ॲलर्जीवरची ही ट्रीटमेंट घ्यावीशी वाटली, तर मी तुला अडवणार नाही.

ॲलर्जी यातून जात नाही गं. चुकून तोंडात गेलेला घास जिवावर बेतू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. तुमच्या ॲलर्जिस्टने पालफोर्झियाचं नाव घेतलं असेल. 2020 च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिलेलं ते औषध म्हणजे मोजूनमापून भरलेलं शेंगदाण्याचं पीठच. पहिल्या दिवशी क्लिनिकमध्ये अर्ध्या मिलिग्रॅमपासून सहापर्यंत चढवतात, पुढे निदान दोन-दोन आठवड्यांनी एकेक पायरी, आणि शेवटी रोज 300 मिलिग्रॅम प्रथिन. म्हणजे जेमतेम एक दाणा! माझ्या सईला साधं दाण्याचं पीठ वजन करून देतात, पण तत्त्व तेच. आई म्हणते, एका दाण्यासाठी एवढं? अगं, पण न्यू जर्सीतल्या शाळेच्या डब्यात, पार्टीतल्या कुकीत चुकून जे येतं, ते बहुतेक वेळा एका दाण्याहूनही कमीच असतं. आता मी सईला वाढदिवसाला सोडून घरी परत येते. पूर्वी तिथेच सोफ्यावर बसून राहायचे.

दुसरी बाजूही ऐक. 2018 मध्ये या औषधाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. त्यात औषध घेणाऱ्या सुमारे दोन तृतीयांश मुलांना 600 मिलिग्रॅम सोसलं, नुसतं खोटं औषध घेणाऱ्यांत 4 टक्क्यांना. छान वाटतं ना? पण पुढच्याच वर्षी लॅन्सेटमध्ये अशा बऱ्याच चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, आणि त्यात दिसलं की ट्रीटमेंट घेणाऱ्या मुलांना गंभीर रिॲक्शन फक्त दाणे टाळणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा येतात. साहजिकच आहे, ज्याचं वावडं तेच रोज पोटात जातंय. म्हणून नुसते काटेकोरपणे दाणे टाळणारी घरं मला मुळीच मागासलेली वाटत नाहीत. व्हॉट्सॲपवर कुणी 'आमचा तर पीनट बटर खातो' म्हणून व्हिडिओ टाकला, की तो बघून ठरवू नकोस.

खरी कसोटी क्लिनिकमध्ये नसतेच, ती रोज संध्याकाळी घरात असते. डोस रिकाम्या पोटी चालत नाही. घेतल्यावर दोन-तीन तास पळापळ नाही, गरम पाण्याची आंघोळ नाही, आणि लगेच झोपूही द्यायचं नाही. शाळेतून आल्यावर द्यावा तर सॉकर, जेवणानंतर द्यावा तर डोळे मिटायला लागलेले. आमच्याकडे शेवटी सॉकरचे दिवस वेगळे आणि बाकीचे वेगळे असं वेळापत्रक फ्रिजवर लागलं, आणि नवऱ्याला ते माझ्याइतकंच पाठ आहे. तुझ्या नवऱ्याचंही आधी हो म्हणवून घे. एकटीने ओढायचं हे काम नाही.

ताप असला, उलट्या होत असल्या, तर आधी डॉक्टरांना फोन, मग डोस. सईला एकदा तापातून उठल्यावर रोजच्याच डोसने अंगभर गांधी उठल्या आणि खोकला सुरू झाला. काल पचलेलं आज पचेलच असं नसतं. एपिनेफ्रिनचं पेन मांडीला लावलं, 911 फिरवला. तेव्हा बेनाड्रिल शोधत बसायचं नाही हं, त्याने खाज शमते, श्वास मोकळा होत नाही. आणि चार दिवस डोस चुकला तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करायचा नाही.

चवीचं मात्र कुणीच आधी सांगत नाही. या पोरांना दाण्याचा वासच नको असतो. चॉकलेट पुडिंग चाललं, मग अचानक नकोसं झालं. सध्या आम्रखंडावर गाडी आहे. ओजस सारखं पोट दुखतं म्हणाला, घास अडकतो म्हणाला, तर नाटकं समजू नकोस. काही मुलांच्या अन्ननलिकेला यातून सूज येते, तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घालायचं. ओजस आठ वर्षांचा आहे, त्यालाही नीट विचार. सई हो म्हणाली म्हणून आमचं चाललंय. तिने नाही म्हटलं असतं, तर मी थांबले असते. 2024 पासून ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शनही अन्नाच्या ॲलर्जीसाठी मान्य झालंय, त्याबद्दलही विचारून ठेव. तेही टाळणं सोडायला नाहीच, चुकून खाल्लं तर त्रास कमी व्हावा यासाठी.

आणि सासूबाई! 'आता औषध चालू आहे ना, मग खिचडीत थोडं कूट टाकलं तर काय होतंय?' हे वाक्य येणार म्हणजे येणारच. त्यांना समजावताना मिलिग्रॅम सांगू नकोस. एक दाणा तळहातावर ठेव आणि म्हण, एवढंच, तेही मी देईन तेव्हाच. आमच्याकडे एकादशीला खिचडी जिरं-मिरची-बटाट्याची होते, वर ओलं खोबरं. आता तीच सगळ्यांना आवडते, निदान तसं म्हणतात तरी.

डिसेंबरमध्ये पुण्याला जाणार आहात ना? तिकडे अशी तयार पेनं सहज मिळत नाहीत, तेव्हा इथूनच जास्तीची ने, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि हातातल्या बॅगेत ठेव, सामानात टाकू नकोस. रिफाइंड तेलात दाण्याचं प्रथिन जवळपास उरत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात उरतं, आणि हल्ली तिकडे घरोघरी घाण्याच्या तेलाचं खूळ आहे. मावशीकडे जेवायला जायच्या आधी फोन करून विचार, डबा कुठल्या तेलाचा आहे ते.