दिव्याला मान हवी

बाळा, कोल्लैकडच्या, म्हणजे आपल्या परसातल्या खोलीत तू सुतारकामाचं बाक मांडलंस हे ऐकून फार बरं वाटलं. कुंभकोणमच्या या घरात त्याच खोलीत मी चाळीस वर्षं रंधा ओढला. हत्यारं तू पारखून घेशीलच, तेवढी नजर तुला आहे. घाई होते ती दिव्यात. तुझी होऊ नये म्हणून हे कानमंत्र.

१. छताची ट्यूब खोलीसाठी असू दे, बाकाला वेगळा दिवा घे — तू वाकलास की तुझ्याच डोक्याची सावली नेमकी आखलेल्या रेघेवर पडते. दिवा डोक्यावर, अंधार कामावर.

२. पटाशी उजव्या हातात धरतोस ना, मग दिवा डावीकडून आणि जरा पुढून घे — हाताची सावली कामाबाहेर पडते. घरातली धाकटी डावरी आहे; ती बाकावर आली की न सांगता दिवा पलीकडे वळवून दे.

३. दुकानात आधी दिव्याची मान बघ, उजेड मागाहून — पटाशीला धार हवी तशी दिव्याला मान हवी. मोटारींच्या सस्पेन्शनचं काम करणाऱ्या जॉर्ज कारवर्डाइन या इंग्रज अभियंत्याने १९३२ मध्ये स्प्रिंगच्या तोलावर उभा राहणारा दिवा बनवला. बोटाने ढकलावा आणि सोडाल तिथे थांबावा, हे त्याचं सगळं कसब. म्हणून दुकानात हात पूर्ण लांबव, सोड आणि पाच मिनिटं दुकानदाराशी गप्पा मार — स्प्रिंग लेची असेल तर तेवढ्यात मान खाली येते.

४. वळेल तशी वळणारी नळीची मान शिवणयंत्राला ठीक, सुताराला नको — मोगरीच्या प्रत्येक ठोक्याला ती डुलते आणि रेघ नाचते.

५. दिवा बाकाला न अडकवता भिंतीतल्या लाकडी ठोकळ्यात बसव. ठोकळे दोन-तीन ठिकाणी लाव, प्रत्येकात दिव्याच्या दांडीच्या मापाचं भोक पाड — दिवा एकच, जागा तीन, आणि बाकाचा धक्का त्याला लागत नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मी नुकसान सोसून शिकलो. तुझ्या आत्याच्या लग्नासाठी मी शिसवी पेटी केली होती. रात्री ट्यूबखाली झाकण आरशासारखं दिसत होतं, हात फिरवला तरी गुळगुळीत. लाखेचं पॉलिश चढवलं आणि सकाळी पेटी पुढच्या तिण्णैवर, आपल्या ओट्यावर, नेऊन ठेवली. कोवळं ऊन झाकणावर आडवं आलं, आणि रंध्याच्या लाटा एकामागून एक उठून दिसल्या, वाऱ्याने पाण्यावर याव्यात तशा. एका कोपऱ्यात रंधा लाकडाच्या रेषेच्या उलट गेल्याने ते खरवडलेलंही होतं. सगळं पॉलिश उतरवावं लागलं, लग्न चार दिवसांवर असताना.

६. म्हणून पॉलिशच्या आधी दिवा फळीच्या पातळीला, अगदी आडवा आण आणि बाकीचे दिवे मालव — वरून पडणारा उजेड खड्डा आणि उंचवटा सारखेच उजळतो, आडवा उजेड प्रत्येकाची सावली पाडतो. मान असलेल्या दिव्याचे सगळे पैसे इथे वसूल होतात. बोट फसतं, सावली फसत नाही.

७. दिवा हलवून बघ: उजवीकडून एकदा, डावीकडून एकदा, मग रेषेला आडवा — रंध्याच्या पात्याचा कोपरा लागून पडलेली बारीक लांब रेघ एका बाजूने मुळीच दिसत नाही. दिसली की पेन्सिलीने खूण करून ठेव, मगच पॉलिशपेपर घे.

८. वॅट विचारू नकोस, ल्युमेन विचार — वॅट म्हणजे वीज किती खातो, ल्युमेन म्हणजे उजेड किती देतो. ८०० ल्युमेनचा एलईडी आपल्या जुन्या ६० वॅटच्या बल्बाइतका, आणि जवळ ओढता येणाऱ्या दिव्याला तेवढा पुरतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. म्हणून आधी दिवा जवळ घे, मोठा बल्ब नंतर.

९. युरोपच्या प्रकाशमानकात साध्या सुतारबाकाला ३०० लक्स (लक्स म्हणजे कामावर पडणारा उजेड), यंत्रांना ५००, पॉलिशला आणि नाजूक जोडकामाला ७५० सांगितले आहेत. आकडे पाठ करू नकोस, क्रम लक्षात ठेव — काम जितकं बारीक, तितका दिवा जवळ.

१०. बल्बाच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचं माप, ९० किंवा वर असेल असा घे, रंग ४००० केल्विनच्या आसपास — हलक्या बल्बाखाली शिसवीतली लाली मरते आणि ती नुसती काळी दिसते. ताज्या फणसाचा पिवळा वर्षागणिक तपकिरी होतो. फणसाच्या जुन्या वीणेला नवा तुकडा जोडताना रंग जुळवायचा तर उजेड खरा हवा.

११. शेवटी रंग बघ तो मात्र मुट्रममध्ये, चौकातल्या उजेडात. उत्तरेच्या खिडकीचा उजेड स्थिर असतो असं पुस्तकात वाचशील, पण ते थंड देशांचं — आपण ११ अंश उत्तर अक्षांशावर. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि ऊन त्याच खिडकीतून आत येतं. त्या दिवसांत तिथे पातळ पांढरं कापड लाव.

१२. खोलीला पांढरा चुना दे, बाकाशेजारी फिकट चटई अंथर — आपली लाल जमीन खालून लाकडावर लाल झाक टाकते.

१३. दिवा विकत घेण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघ. पट्टे धावताना दिसले तर परत ठेव. याला नखरा समजू नकोस — आपली वीज ५० हर्ट्झची, वाईट दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि मिनिटाला ३००० फेरे घेणारी करवतीची चकती त्याखाली थांबल्यासारखी दिसू शकते. थांबलेल्या चकतीकडे हात सहज जातो.

१४. बल्ब नजरेला दिसू नये इतकी दिव्याची टोपी खाली ओढ — डोळे दिपले की पुढचे चार क्षण रेघ दिसत नाही, आणि करवत चार क्षण थांबत नाही.

१५. जुना तापणारा बल्ब कितीही प्रेमाचा असो, भुश्याजवळ आणू नकोस. टोपीवरचा भुसा दिवा बंद करून, थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने पूस — रोजचं अर्धं मिनिट, पण आगीची अर्धी भीती तिथेच संपते.

१६. वीज गेली की आधी यंत्राचं बटण बंद कर, मग चार्जिंगचा दिवा शोध — वीज परत येते तेव्हा विचारून येत नाही.

१७. पावसाळ्यात लाखेचं पॉलिश दिवस मावळण्याआधी आटप — दिव्यावर आलेले किडे ओल्या पॉलिशवर बसतात, आणि काढायला गेलास तर पायांच्या खुणा राहतात.

१८. दिवा उलगडता येईल असा घे. इथून जवळच नाचियारकोइलला पितळी समया होतात, त्या बघून ये: बैठक, खांब, तबक, माथा वेगवेगळे करून पेचाने जोडतात. म्हणून आजीची समई आजही दर सणाला सुटी होऊन घासली जाते — पेच असलेली वस्तू दुरुस्त होते, चिकटवलेली फेकावी लागते.

वायर जमिनीवरून नेऊ नकोस, भिंतीवरून वर नेऊन खाली सोड. धातूच्या दिव्याला तीन पिनांचा प्लग, आणि खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारं बटण. ऑक्टोबरात ईशान्येचा पाऊस लागला की त्या खोलीची जमीन डिसेंबरपर्यंत ओलसर राहते, हे तू लहानपणी अनवाणी फिरून पाहिलंच आहेस. तेव्हा दिवा नंतर घेतलास तरी चालेल. अर्थिंग आणि चुना ही दोन कामं दसऱ्याच्या आत उरकून घे.