तबकडी, डबा आणि आतला जिन्नस

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकात यंत्रावर लिहावे, हे काहींना विषयांतर वाटेल. पण निमित्त आपल्याच मराठी विभागाचे आहे. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर चित्रित केल्या आणि ते चाळीस मिनिटांचे चित्रण तबकडीवर उतरवून दिवाळीत गावी नेले. आजीकडे मोबाइल नाही. जुना टीव्ही आहे आणि त्याखाली काकांनी २००९ साली घेतलेला डीव्हीडी प्लेअर. शेजारच्या चार बायकाही येऊन बसल्या. मी तबकडी आत सारली, आणि पडद्यावर अक्षरे उमटली की ही फाइल चालणार नाही. आजीने विचारले, "मग मी एवढं गायले ते गेलं कुठं?"

मला उत्तर देता आले नाही. प्लेअरच्या तोंडावर ठळक 'एमपीईजी-४' छापलेले, माझ्या फाइलचे आडनावही 'एमपी४'. मग अडले कुठे?

ते समजायला थोडे मागे जावे लागते. आपल्याकडच्या टीव्हीचे एक चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे, आणि अशी सेकंदाला २५ चित्रे. रंगांचा तपशील डोळ्याला खपेल इतका आधीच कमी केला, तरी सेकंदाला सुमारे साडेपंधरा मेगाबाइट माहिती होते. ४.७ गिगाबाइटची तबकडी त्या हिशेबाने जेमतेम पाच मिनिटांत भरेल! म्हणून माहिती दाबून बसवावी लागते. एक चित्र पुरते लिहायचे आणि पुढच्या चित्रांत काय बदलले तेवढेच नोंदवायचे, ही त्यातली मुख्य युक्ती. दाबण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या या रीतीला 'कोडेक' म्हणतात. दाबलेले चित्र आणि आवाज ज्यात एकत्र ठेवतात तो 'कंटेनर', म्हणजे सरळ भाषेत डबा. एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही ही डब्यांची नावे आहेत. स्टीलच्या एकाच डब्यात आज पिठले तर उद्या शिरा असू शकतो, हे वसतिगृहात राहणाऱ्यांना सांगायला नको.

माझी फसगत इथेच झाली. 'एमपीईजी-४' हे एका रीतीचे नाव नसून मानकांच्या अख्ख्या कुटुंबाचे आहे. त्याचा दुसरा भाग १९९९ सालचा. डिव्हएक्स आणि एक्सव्हिड त्यातलेच, आणि आमच्या प्लेअरला तेवढेच कळते. दहावा भाग म्हणजे एच.२६४. तो २००३ साली आला आणि माझ्या मोबाइलने चित्रण केले ते याच रीतीने. नाव एक, पण रीती इतक्या निराळ्या की एक जाणणाऱ्याला दुसरी उमगत नाही. डीव्हीडीची मूळ रीत, एमपीईजी-२, चित्राचे साधारण १६ बाय १६ बिंदूंचे चौकोन पाडून त्यांची हालचाल शोधते. एच.२६४ तेच चौकोन ४ बाय ४ पर्यंत फोडू शकते आणि संदर्भासाठी १६ पर्यंत चित्रे ध्यानात ठेवू शकते. संगणकावर नवा प्रोग्राम घालून हे शिकवता येते. प्लेअरमधली चिप मात्र कारखान्यातून जे शिकून आली तेवढेच जाणते. डीव्हीडी प्लेअर जपानच्या बाजारात १९९६ साली आले; त्या मानकात एच.२६४ कुठून असणार?

हे सारे मला नंतर कळले. आधी मी फाइलचे नावच बदलून 'एव्हीआय' केले. डब्यावरची चिठ्ठी बदलून पिठल्याचा शिरा होत नसतो! मग खरोखरच डबा बदलला आणि आवाज एमपी३मध्ये आणला, पण चित्र तसेच ठेवले. तेव्हा प्लेअरमधून आजीचा आवाज आला आणि पडदा काळा राहिला. बायका म्हणाल्या, हे बरं आहे, रेडिओवाणी. आजीला ते पटले नाही.

शेवटी पुण्यास परतून पुरते रूपांतर केले. एक्सव्हिड चालले असते, पण त्यातल्या काही सोयी पुष्कळ प्लेअरना झेपत नाहीत. म्हणून थेट डीव्हीडीचीच रीत धरली : एमपीईजी-२, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रे, आवाज ४८ किलोहर्ट्झचा. चित्रासाठी कमाल मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट आहे. मी ८ ठेवली, तेव्हा चाळीस मिनिटांना सुमारे २.४ गिगाबाइट लागले. पुढच्या खेपेला तबकडी चालली. पाच मिनिटांनी आजी म्हणाली, "जातं आधी फिरतंय अन् आवाज मागनं येतोय."

तिचे खरे होते. मोबाइल सेकंदाला तीसच्या आसपास चित्रे घेतो, पण उजेड कमीजास्त झाला की वेग बदलतो. स्वयंपाकघरात धूर होता. तो कमीजास्त वेग तसाच २५ वर ओढल्याने आवाज मागे पडत गेला होता. आधी वेग एकसारखा करून घेऊन मग रूपांतर केले, तेव्हा हाताची फेरी आणि जात्याची घरघर जुळली.

दाबलेले पुन्हा दाबले की दर खेपेला थोडा तपशील गळतो. म्हणून मोबाइलमधली मूळ फाइल मी न बदलता दोन ठिकाणी ठेवली आहे, आणि विभागाकडेही तीच दिली. आजीच्या तबकडीच्या पाकिटावर मात्र मी नुसते 'ओव्या' लिहिलेले नाही. खाली कोडेक, चित्रांचा वेग आणि आवाजाची रीत लिहिली आहे. आजीने ती ओळ पाहून विचारले, हे कुणाचं नाव?