पेट्रोलच्या नळ्या टाकताना

बाळा, पंख झाले, आता तू इंधनाच्या नळ्यांना हात घालणार, म्हणून आत्ताच सांगतो. घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं की लोक इंजिनाला दोष देतात. पुष्कळदा इंजिन धडधाकट असतं, त्याला पेट्रोलच पोचलेलं नसतं.

नळी 5052-ओ जातीच्या ॲल्युमिनियमची, 3/8 इंचाची घे. ती मऊ असते, नुसत्या हातानेही वळते आणि तिथेच घात होतो. बेंडरशिवाय वाकवायची नाही. वळणावर चपटी होऊन मूळ व्यासाच्या 75 टक्क्यांपेक्षा बारीक झाली, तर ती कापून टाक आणि नवी घे. पैशांचा विचार इथे करू नकोस.

कापल्यावर आतल्या कडेला राहिलेली धार काढ, नळी फुंकून स्वच्छ कर. नट आणि स्लीव्ह आधी चढव, मग तोंड फुलव. विमानाचा फ्लेअर 37 अंशांचा, मोटारीचा 45 चा. गॅरेजवाल्याचं हत्यार उसनं आणलंस तर जोड वरून बसलेला दिसेल, पण आत नीट टेकणार नाही. या मापाच्या नळीचा नट 75 ते 125 इंच-पौंडांत आवळतात. तेवढ्यावरही गळती दिसली तर आणखी पिळू नकोस. उघड, भिंगाखाली फ्लेअर बघ. चीर किंवा ओरखडा सापडेल.

दोन जोडांमध्ये नळी कधीही सरळ ताणून बसवू नये, एखादं वळण हवंच. ॲल्युमिनियम गरमीने वाढतं, विमान थरथरतं. वळण नसलं तर सगळा ताण फ्लेअरवर येतो. मध्ये उंचवटाही ठेवू नकोस, कारण उन्हात तापलेल्या पेट्रोलची वाफ तिथे अडकते. खोलगट भाग टाळता आला नाही तर पाणी काढायला तिथे ड्रेन दे. विजेच्या तारा वर, इंधन खाली. फायरवॉलच्या पुढे लवचिक होज वापर, त्यावर फायरस्लीव्ह चढव, आणि ती थोडी सैल ठेव, कारण दाबाखाली तिची लांबी बदलते. होजवर छापलेली रेघ सरळ राहिली पाहिजे. रेघ फिरली म्हणजे होज पिळली गेली.

घरच्या नळाला गुंडाळतो ती पांढरी टेप इथे नको. तिचे तुकडे कार्ब्युरेटरपर्यंत जातात. फ्लेअरला काहीच लावायचं नसतं. पाइपच्या आट्यांना मात्र इंधनाला टिकणारी पेस्ट लाव, पहिला आटा कोरडा सोडून.

आता टाकी बदलायच्या व्हॉल्व्हचं. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरे बेमध्ये लाँग-ईझी विमान कोसळून गेला. मूळ आराखड्यात व्हॉल्व्ह पायलटच्या पायांमध्ये होता. ते विमान बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला होता. तो फिरवायला मागे वळावं लागे, आणि वळताना पाय पेडलवर दाबला जाण्याचा धोका. कॉकपिटमध्ये इंधनाची नळी नको हा विचार ऐकायला बरा वाटतो, पण मला तो पटत नाही. पट्टा आवळून बस, डोळे मीट, आणि हात व्हॉल्व्हवर जातो का बघ.

सगळं बसल्यावर जमिनीवर चाचणी घे. टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेव, चढाईत असतं तितकं नाक वर कर, कार्ब्युरेटरजवळची नळी सोडून मोजपात्रात धार धर. आसपास ठिणगी नको, विमान अर्थ केलेलं हवं, अग्निशामक हाताशी हवं. पंप असेल तर टेकऑफच्या खपाच्या 125 टक्के, नुसत्या उतारावर चालणारं असेल तर 150 टक्के धार मिळाली पाहिजे. तुझं 100 हॉर्सपॉवरचं रोटॅक्स 912 टेकऑफला तासाला 27 लिटरच्या आसपास पितं. म्हणजे पंपावर मिनिटाला किमान 560 मिलिलिटर. दोन्ही टाक्या वेगवेगळ्या मोज आणि आकडे वहीत लिहून मला कळव. कमी आले तर उड्डाणाची तारीख पुढे ढकल, मग पाहुणे बोलावून झालेले असले तरी.