दूषित जमीन आणि गावाचा विकास : बिछडीचा धडा

एखादा कारखाना वा गोदाम बंद पडले, आवारात गवत उगवले, की ती जागा पुन्हा उपयोगात आणण्याचा विचार गावात सुरू होतो. शाळेची इमारत, बाजाराचे ओटे, घरकुले, नाहीतर पुन्हा शेती, अशा अनेक गरजा ग्रामपंचायतीपुढे उभ्या असतात. तथापि ज्या जागेवर रसायने सांडली अथवा विषारी गाळ टाकला गेला, ती जागा वरून स्वच्छ दिसली तरी आतून निर्धोक असेलच असे नाही. यास्तव विकासाचा आराखडा आखण्यापूर्वी जमिनीची रीतसर पारख होणे अगत्याचे असते.

बिछडीत काय घडले

राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यातील बिछडी हे शेतीवर जगणारे गाव. तेथील एका कारखान्यात १९८८ साली रंगनिर्मितीस लागणाऱ्या ‘एच-ॲसिड’चे उत्पादन सुरू झाले. ते जेमतेम वर्षभर चालले. सुमारे ३७५ टन मालामागे सुमारे २,४४० टन विषारी गाळ निघाला आणि त्यातील बराचसा उघड्यावर टाकण्यात आला. त्यातील द्रव्ये जमिनीत मुरली. विहिरींचे पाणी काळपट झाले. ते माणसांच्या, गुरांच्या वा पिकांच्याही उपयोगाचे उरले नाही.

उत्पादन थांबले, पण प्रदूषण थांबले नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच ‘नीरी’ने, १९९४ च्या अहवालात सुमारे ३५० हेक्टर दूषित जमीन आणि आवाराबाहेर गाळ टाकलेल्या सहा जागा नोंदविल्या. काही गाळ नुसता मातीने झाकलेला होता. सुधारणेचा खर्च सुमारे ४० कोटी रुपये धरण्यात आला. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भार प्रदूषण करणाऱ्यावर टाकला. तरीही २०११ मध्ये न्यायालयास ३७.३८५ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश द्यावा लागला. एका वर्षाच्या उत्पादनाचा हिशेब बावीस वर्षांनंतरही पुरा झाला नव्हता.

पाहणीचा क्रम

पारखीचा आरंभ कागदपत्रांपासून व्हावा. सातबारा, फेरफार नोंदी, गाव नकाशा व कारखान्याचे परवाने यांवरून जागेचा पूर्वेतिहास कळतो. जुने कामगार आणि शेजारचे शेतकरी यांच्या आठवणीही तितक्याच मोलाच्या असतात. गाळ कोठे पुरला, सांडपाणी कोणत्या ओढ्यात सोडले, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी करून तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत : विषारी द्रव्य कोठे आहे? ते कोणत्या वाटेने पसरते? आणि ते कोणापर्यंत पोहोचते?

नमुन्यांविषयी दक्षता

मृदा आरोग्य पत्रिकेवरून जमीन निर्धोक ठरविणे चुकीचे होय. त्या पत्रिकेतील बारा घटक जमिनीची सुपीकता सांगतात. शिसे, कॅडमियम वा रासायनिक विषे त्यात तपासली जात नाहीत. सुपीकतेसाठी शेतातील अनेक ठिकाणची माती एकत्र मिसळून नमुना करतात. दूषित जागेत असे केल्यास एखाद्या ठिकाणचे तीव्र विष इतर मातीत मिसळून सौम्य भासते. म्हणून येथे ठिकठिकाणचे व निरनिराळ्या खोलीवरचे नमुने वेगवेगळे ठेवावे लागतात. जवळच्या अबाधित शेतातील माती तुलनेसाठी घ्यावी. भूजल ज्या दिशेने वाहते त्या दिशेच्या विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासावे.

उपयोगानुसार निर्णय

जमीन ‘चांगली’ की ‘वाईट’ एवढेच विचारून भागत नाही. ती कशासाठी हवी, हेही पाहावे लागते. फरसबंदी केलेल्या गोदामाखाली जी माती चालू शकेल, ती भाजीपाल्यास किंवा मुलांच्या क्रीडांगणास चालणार नाही. काही जड धातू पिकांतून थेट ताटात येतात, आणि आम्लधर्मी जमिनीत ते अधिक सहज शोषले जातात. वर मातीचा थर देऊन स्पर्श टळतो, मात्र खालचे पाणी त्यामुळे आपोआप सुरक्षित होत नाही.

ग्रामपंचायतीचे काम

केंद्र शासनाने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. स्थानिक संस्था अथवा जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळे हेरून त्यांची यादी दर सहामाहीस राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवावी, त्यानंतर प्राथमिक व सविस्तर तपासणी व्हावी आणि सुधारणेचा खर्च जबाबदार व्यक्तीकडून वसूल करावा, अशी त्यांत तरतूद आहे.

प्रयोगशाळेचे काम तज्ज्ञांचे असले, तरी संशय वेळीच नोंदविण्याचे काम गावाचे आहे. ग्रामसभेत जागेचा विषय निघेल तेव्हा तिचा पूर्वेतिहास विचारला जावा, तो ठरावात लिहिला जावा आणि तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत बांधकामास, पेरणीस वा नव्या विहिरीस संमती दिली जाऊ नये. अहवालासाठी काही महिने थांबावे लागले, तरी एका पिढीचे पाणी गमावण्यापेक्षा ते थांबणे खचितच स्वस्त पडते.